फ्रेडरिक चर्च : एवढा गाजलेला निसर्गचित्रकार मागे कसा पडला?

दूरदेशी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील अमेरिकन दालने पाहत असताना एका चित्रासमोर मी जवळजवळ पाऊण तास उभा राहिलो. चित्राचे नाव 'हार्ट ऑफ द अँडीज', चित्रकार फ्रेडरिक एडविन चर्च, साल १८५९. कॅनव्हास सुमारे १६८ सेंटिमीटर उंच आणि ३०३ सेंटिमीटर रुंद आहे. लांबून पाहिले की डावीकडे दूरवर बर्फाचे शिखर, मध्ये तपकिरी डोंगर, खाली कोसळणारे पाणी आणि उजवीकडे गर्द झाडी असा सगळा पसारा एका नजरेत मावतो. पहारेकरी हटकेल इतके जवळ गेले की मात्र एकेक पान, एकेक वेल, झाडीतले पाखरूसुद्धा वेगळे दिसू लागते.

घरी येऊन या चित्रकाराविषयी शोधू लागलो, तर पहिली अडचण त्यांच्या आडनावाचीच आली. जिकडेतिकडे प्रार्थनामंदिरे निघतात. जे थोडेफार हाती लागले त्यावरून असे दिसते की हे चित्र पाहायला लोक पैसे मोजून रांगेत उभे राहत होते. तरीही माझ्या ओळखीतल्या, चित्रकलेची बऱ्यापैकी जाण असलेल्या माणसांनीही हे नाव ऐकलेले नाही. व्हिसलर किंवा होमर या अमेरिकन चित्रकारांची नावे मात्र त्यांना ठाऊक आहेत.

जाणकारांना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे स्थळ खरोखर कुठे आहे का, की चित्रकाराने ते मनाने रचले? आणि एवढी कीर्ती मिळवलेला माणूस पुढे इतका मागे का पडला? संधिवाताने हात निकामी झाल्याचा उल्लेख एके ठिकाणी वाचला. कारण तेवढेच आहे का?

कुंचला

दूरदेशी, आपण फार चांगल्या चित्रापासून सुरुवात केली आहे. थोडे विस्ताराने लिहितो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नात दडलेले आहे असे मला वाटते.

चर्च यांचा जन्म ४ मे १८२६ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. वडील चांदीकाम आणि जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे सधन गृहस्थ होते, त्यामुळे मुलाने चित्रकार व्हायचे म्हटले तेव्हा पोटापाण्याची ओढाताण झाली नाही. हार्टफर्डचे कलासंग्राहक डॅनियल वॉड्सवर्थ यांच्या ओळखीने १८४४ साली अठरा वर्षांचा फ्रेडरिक हडसन नदीकाठच्या कॅट्सकिल गावी थॉमस कोल यांच्याकडे शिकायला गेला आणि दोन वर्षे तिथे राहिला. अमेरिकन निसर्गचित्रणाची जी परंपरा पुढे हडसन नदीच्या नावाने ओळखली गेली, तिचे कोल हे आद्य पुरुष. कोल यांच्या निसर्गचित्रांत रूपककथा असत. साम्राज्ये उदयाला येत आणि लयाला जात, माणसाचे आयुष्य नावेतून वाहत जाई. शिष्याने गुरूकडून भव्यतेची आस घेतली आणि रूपके हळूहळू बाजूला ठेवली. १८४८ साली कोल अकाली वारले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, चर्च न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन या कलासंस्थेचे पूर्ण सदस्य झाले.

त्यांना खरी दिशा मिळाली ती जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या लेखनातून. विषुववृत्तावरच्या डोंगराळ प्रदेशात चित्रकारांनी जावे, कारण तिथे पायथ्याच्या उष्ण अरण्यापासून माथ्याच्या बर्फापर्यंत पृथ्वीवरचे सारे हवामानपट्टे एकाच उतारावर पाहायला मिळतात, असे हुम्बोल्ट यांनी आग्रहाने मांडले होते. चर्च यांनी ते शब्दशः मनावर घेतले. १८५३ साली सायरस फील्ड या व्यापारी मित्राबरोबर (अटलांटिकच्या तळाशी तारयंत्राची तार टाकण्याचा उद्योग पुढे ज्यांनी उभा केला तेच हे फील्ड) ते आजच्या कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये हिंडले, आणि १८५७ साली लुई मिन्यो या चित्रकारासह पुन्हा इक्वेडोरला गेले. कीटोमध्ये हुम्बोल्ट पूर्वी ज्या घरी राहिले होते त्याच घरी त्यांनी मुक्काम केला.

आता आपला पहिला प्रश्न. चित्रातले हिमशिखर इक्वेडोरमधले चिंबोराझो आहे आणि ते खरे आहे. उंची सुमारे ६,२६० मीटर. परंतु आपण पाहिले ते संपूर्ण दृश्य कोणत्याही एका जागी उभे राहून दिसत नाही. दोन्ही प्रवासांत पेन्सिलीने आणि तैलरंगाने जागेवर केलेली छोटी चित्रे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत समोर मांडून चर्च यांनी ते जुळवले. जागेवर चित्रण करणाऱ्या माझ्यासारख्याला हे आधी फसवणुकीसारखे वाटले होते. नंतर कळले की त्यांना एक ठिकाण दाखवायचेच नव्हते, अँडीजचा सारा उभा छेद दाखवायचा होता. पानापानाचा तपशील खरा असायला हवा, आणि ती पाने एकत्र कुठे आणायची हे चित्रकाराने ठरवायचे, असा तो मामला आहे.

एप्रिल १८५९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या टेन्थ स्ट्रीट स्टुडिओ इमारतीत हे एकच चित्र प्रदर्शनात मांडले गेले. खिडकीसारखी दिसणारी गडद लाकडाची अवजड चौकट, दोन्ही बाजूंना पडदे आणि प्रकाश फक्त चित्रावर. प्रवेशमूल्य २५ सेंट. लोक नाटकाला नेतात तशी छोटी दुर्बीण घेऊन बाकांवर बसत आणि चित्रात प्रवास करत. साडेतीन आठवड्यांच्या आसपास १२,००० हून अधिक लोकांनी पैसे भरून ते पाहिले. पुढे ते १०,००० डॉलरना विकले गेले. हयात अमेरिकन चित्रकाराला तोवर इतकी किंमत मिळालेली नव्हती. हे चित्र बर्लिनला पाठवून वृद्ध हुम्बोल्ट यांना दाखवावे असे चर्च यांच्या मनात होते. ९ मे रोजीच्या पत्रात त्यांनी तसे लिहिलेही, पण हुम्बोल्ट ६ मे रोजीच वारले होते आणि ती बातमी अजून समुद्रापलीकडे पोचलेली नव्हती.

याच प्रदर्शनाच्या काळात त्यांची इझाबेल कार्न्स यांच्याशी ओळख झाली आणि १८६० साली विवाह झाला. पुढच्या आयुष्यात दुःख आणि आजार दोन्ही आले. मार्च १८६५ मध्ये घटसर्पाने त्यांची दोन्ही लहान मुले काही दिवसांच्या अंतराने दगावली. त्यानंतर त्यांना आणखी मुले झाली, त्यांनी युरोप आणि पश्चिम आशियाचा दीर्घ प्रवास केला, चित्रेही काढली. १८७६ च्या सुमारास मात्र संधिवाताने उजवा हात धरला. डाव्या हाताने रंगवण्याचा सराव त्यांनी केला, पण तीन मीटरचा कॅनव्हास पानापानाने भरणे हे त्या हातांचे काम राहिले नाही. माझ्या मते ओहोटीचे मुख्य कारण हेच.

उलटतपासणी

कुंचला यांनी चरित्र सुरेख मांडले आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. संधिवातावर सगळा भार टाकणे सोयीचे आहे, कारण त्यात कोणाचाच दोष नसतो. परंतु हात धडधाकट असता तर चर्च टिकले असते का, हे तपासायला इतिहासाने आपल्याला एक दुसरा माणूस देऊन ठेवला आहे.

अल्बर्ट बीअरस्टाट हे चर्च यांचे समकालीन आणि स्पर्धक. चर्च यांनी अँडीज घेतला तसा यांनी रॉकी पर्वत घेतला. चित्रे तितकीच अवाढव्य, प्रदर्शनाची रीत तीच, किमतीही चढ्या. त्यांना संधिवात नव्हता आणि ते अखेरपर्यंत रंगवत राहिले. तरीही १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन चित्रे निवडणाऱ्या समितीने त्यांचे रानगव्यांच्या शिकारीचे मोठे चित्र नाकारले. म्हणजे हात शाबूत असलेल्या माणसाचीही तीच गत झाली.

बदलली होती ती पाहणाऱ्यांची नजर. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर पैसेवाल्या अमेरिकन संग्राहकांची पिढी पॅरिसकडे पाहू लागली. फ्रान्समधल्या बार्बिझाँ गावच्या चित्रकारांची करड्या, धूसर, मोघम संध्याकाळीची चित्रे त्यांना अधिक काव्यमय वाटू लागली, आणि अमेरिकेत जॉर्ज इनेस यांच्यासारखे चित्रकार त्याच वळणाने जाऊ लागले. कुंचल्याचा फटकारा दिसू न देता गुळगुळीत, काचेसारखा पृष्ठभाग ठेवणे हा चर्च यांच्या पिढीचा अभिमान होता; नव्या समीक्षकांना तोच कोरडेपणा वाटला. 'हडसन नदीचा संप्रदाय' हे नाव आज आपण आदराने घेतो, पण १८७० च्या दशकात ते रूढ झाले ते जुन्या वळणाच्या, गावठी चित्रकारांना हिणवण्यासाठी.

याहून खोल कारणही आहे, आणि ते आपण वर दिलेल्या तारखांतच आहे. १८५९ च्या मे महिन्यात हुम्बोल्ट गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्विन यांचा जीवजातींच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ निघाला. हुम्बोल्ट यांचे विश्व एकसंध आणि सुसंवादी होते. चर्च यांनी त्यात स्वतःची ख्रिस्ती श्रद्धा मिळवली. 'हार्ट ऑफ द अँडीज'मध्ये डाव्या बाजूला एक क्रूस आणि त्यापुढे दोन माणसे आहेत, ती नीट पाहावीत. पाने, पाणी, पर्वत, बर्फ या सगळ्यांत एकच ईश्वरी योजना दिसते, हा त्या चित्राचा पाया होता. ज्या जगात तीच झाडी जगण्याच्या झगड्याची जागा ठरते, तिथे हे चित्र सुंदर राहते, पण पुराव्याचा कागद म्हणून त्याची किंमत उतरते.

जुना वाचक

दोघांच्याही मांडणीत मला एक दुवा राहिलेला दिसतो, तो 'आइसबर्ग्ज' या चित्राचा.

१८५९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे अँडीजचे चित्र गाजत असतानाच, चर्च हे धर्मोपदेशक लुई लेग्रँड नोबल यांच्यासह न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्याला हिमनग रेखाटायला गेले. शिडाची लहान बोट भाड्याने घेतलेली, समुद्र खवळलेला, चित्रकाराला समुद्र लागलेला, आणि तशातही रेखाटने चाललेली. त्यातून जवळजवळ अँडीजच्या चित्राएवढाच कॅनव्हास तयार झाला आणि २४ एप्रिल १८६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये खुला झाला. त्याच्या बाराच दिवस आधी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या होत्या आणि उत्तर व दक्षिण राज्यांतले यादवी युद्ध पेटले होते. चर्च यांनी चित्राला तेव्हा 'द नॉर्थ' म्हणजे 'उत्तर' असे नाव दिले आणि प्रवेशमूल्याची रक्कम उत्तरेच्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी उभारलेल्या निधीला दिली. गर्दी झाली, स्तुती झाली, पण अमेरिकेत गिऱ्हाईक मिळाले नाही.

म्हणून १८६३ साली चित्र लंडनला गेले. जाण्यापूर्वी चर्च यांनी त्याच्या पुरोभागात जहाजाची एक मोडकी डोलकाठी रंगवली. काहीजण म्हणतात की निर्मनुष्य बर्फात मानवी खूण हवी होती. मला वाटते, आर्क्टिकमध्ये सर जॉन फ्रँकलिन यांची मोहीम गडप झाल्याचे दुःख इंग्रज प्रेक्षकांच्या मनात ताजे होते, आणि चर्च हे आपला प्रेक्षक ओळखणारे चित्रकार होते. इंग्लंडमधील रेल्वे उद्योगपती एडवर्ड वॉटकिन यांनी ते घेतले आणि मँचेस्टरजवळच्या आपल्या घरात लावले. त्यानंतर ते जगाच्या नजरेआड झाले. घराचे मालक बदलले, तिथे मुलांसाठी सरकारी वसतिगृह झाले, आणि चित्र जिन्याजवळच्या भिंतीवर टांगलेले राहिले. रोज खालीवर करणाऱ्या मुलांना ते काय आहे हे कोण सांगणार? १९७९ साली ते ओळखले गेले आणि २५ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात २५ लाख डॉलरना विकले गेले. अमेरिकन चित्रासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. आता ते डॅलसच्या कलासंग्रहालयात आहे.

उलटतपासणी यांच्या बाजूने यातून एक मुद्दा निघतो. चित्रकार पस्तिशीत, हात उत्तम, कीर्ती शिगेला, तरी १८६१ सालीच पहिली ठेच लागली होती.

कुंचला

बीअरस्टाट यांचा दाखला बिनतोड आहे. तो मला सुचायला हवा होता. तरी अर्धा किल्ला मी सोडत नाही. १८६१ साली चित्र विकले गेले नाही यात युद्धाचा वाटा मोठा होता, अभिरुचीचा नव्हे. कारण पुढच्याच वर्षी त्यांनी 'कोटोपॅक्सी' रंगवले. ज्वालामुखीच्या धुरातून लालभडक सूर्य वर येतो आहे आणि खालचे तळे तापलेल्या तांब्यासारखे दिसते आहे. ते चित्र त्यांच्याकडून सांगून करवून घेतले गेले होते.

आणि 'नायगारा'चे काय? १८५७ चे हे चित्र. प्रेक्षकाच्या पायाखाली जमीनच ठेवलेली नाही. कॅनडाच्या बाजूने थेट पाण्याच्या धारेवर नजर सोडली आहे. एवढ्या वेळा रंगवल्या गेलेल्या धबधब्याचे हे चित्र पाहताना घसरून पडण्याची भीती वाटते. मूळ विक्रीच्या वेळी चित्र आणि छपाईचे हक्क मिळून ४,५०० डॉलर आले होते. १८७६ च्या अखेरीस, म्हणजे ज्या दशकात संप्रदायाला हिणवले जात होते असे आपण म्हणता त्याच दशकात, वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन संग्रहालयाने ते १२,५०० डॉलरना घेतले. मग सगळ्यांचीच नजर बदलली होती असे कसे म्हणावे?

उलटतपासणी

जुन्या, मान्यता पावलेल्या चित्राला संस्था चढी किंमत देते, तेव्हा ती इतिहास विकत घेत असते. हयात चित्रकाराच्या ताज्या कामाला बाजारात काय भाव येतो, हे वेगळे मोजावे लागते. पण आपला मुद्दा नोंदवून ठेवतो. घसरण मी म्हटले तितकी एकसारखी नव्हती, हे मान्य.

हडसनकाठ

मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि पाहुणे आले की त्यांना ओलानाला, म्हणजे चर्च यांच्या घरी, नेतो, म्हणून दोन शब्द.

वरच्या चर्चेत सगळ्यांनी गृहीत धरले आहे की चर्च यांचे निसर्गचित्रण १८७० च्या दशकात थांबले. माझे निरीक्षण निराळे आहे. १८६० साली, लग्नाच्या सुमारास, त्यांनी हडसन गावाजवळ १२६ एकरांची शेती घेतली. ही टेकडीची जागा नदीच्या पूर्वेला आहे आणि समोर पलीकडच्या काठावर कॅट्सकिल, म्हणजे गुरूंचे गाव. शिकत असताना त्यांनी या परिसरात रेखाटने केली होती. हळूहळू जमीन वाढवत त्यांनी ती २५० एकरांपर्यंत नेली. बैरूत, दमास्कस, जेरुसलेम आणि पेट्रा पाहून आल्यावर टेकडीच्या माथ्यावर १८७० ते १८७२ या काळात घर बांधले. वास्तुविशारद कॅल्व्हर्ट व्हॉक्स मदतीला होते, पण कमानी, रंगीत विटा आणि भिंतींवरच्या नक्षीचे शेकडो आराखडे चर्च यांनी स्वतः काढले. बैठकीच्या खोलीतील शेकोटीवर पेट्राच्या लेण्याचे चित्र आहे. अंधाऱ्या घळीच्या फटीतून उजळलेले गुलाबी खांब दिसतात. आपल्याकडे लेणी पाहिलेल्या माणसाला कातळात कोरलेल्या त्या दर्शनी भागापुढे थोडे घरच्यासारखे वाटते.

घराइतकाच परिसरही रचलेला आहे. दलदलीच्या जागी तळे खणले, हजारो झाडे लावली, आणि गाडीरस्ते अशा वळणांनी नेले की दृश्य एकदम न दिसता टप्प्याटप्प्याने उलगडावे. १८८४ साली शिल्पकार मित्र इरॅस्टस डाउ पामर यांना लिहिलेल्या पत्रात चर्च यांनी म्हटले आहे की स्टुडिओत कॅनव्हास आणि रंगांशी झटापट करण्यापेक्षा या रीतीने मी अधिक आणि अधिक चांगली निसर्गचित्रे करू शकतो. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. ज्याचा हात वळत नाही त्याने मन रमवण्यासाठी केलेले हे काम नव्हे. बाजाराची नजर बदलली असताना त्यांनी ज्याला गिऱ्हाईकच लागत नाही असे माध्यम निवडले, असे मला दिसते.

भारताशी असलेला एक धागाही सांगतो. लॉकवुड डी फॉरेस्ट हे तरुण चित्रकार त्यांच्याकडे शिकायला होते. त्यांनी १८८१ साली भारतात येऊन मगनभाई हठीसिंग यांच्यासह अहमदाबादला लाकडी कोरीवकामाचा कारखाना सुरू केला. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. त्यांच्यामार्फत आलेले कोरीवकाम ओलानाच्या सजावटीत आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हडसनकाठी ती जाळी आणि वेलबुट्टी पाहून वाटदर्शक काय सांगत होत्या इकडे माझे लक्षच राहिले नव्हते.

इझाबेल १८९९ साली वारल्या आणि ७ एप्रिल १९०० रोजी चर्च न्यूयॉर्क शहरात निवर्तले. मुलगा लुई आणि सून सॅली यांनी घर जवळजवळ होते तसेच ठेवले. लुई यांनी १९१७ साली २,००० हून अधिक रेखाटने आणि तैलचित्रणे न्यूयॉर्कच्या कूपर युनियनच्या संग्रहाला दिली. १९६४ साली सॅली वारल्यावर सामानासह सगळे लिलावात निघण्याची वेळ आली होती. डेव्हिड हंटिंग्टन या कलाइतिहासकाराने मोहीम उभारली, १९६६ साली न्यूयॉर्क राज्याने वास्तू ताब्यात घेतली आणि लोकांना ती खुली झाली. चर्च यांचे नाव पुन्हा अभ्यासाच्या टेबलावर आले ते या धडपडीनंतर. टेकडीवर जायचे असेल तर ऑक्टोबरमध्ये, पाने रंग बदलत असताना जावे, आणि घर आधी न पाहता खालच्या तळ्यापासून चालत वर यावे.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. एका प्रश्नाला मी तीन उत्तरांची अपेक्षा केली नव्हती, आणि त्यातले कोणते सोडावे हे मला अजून ठरवता येत नाही.

संग्रहालयात काढलेले छायाचित्र मोठे करून क्रूस शोधला. सापडला, डाव्या बाजूला, पायवाटेजवळ. दोन माणसेही आहेत. त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात उन्हाने उजळलेले एक झाडाचे खोड आहे, त्याच्या सालीवर काही कोरल्यासारखे दिसते. ते काय असावे?

कुंचला

तीच सही. चर्च यांनी आपले नाव आणि १८५९ हे साल त्या खोडावर चाकूने कोरल्यासारखे रंगवले आहे. एवढा उजेड नेमका तिथेच का पाडला असेल, हे आपणच ठरवा.